२४ तास बीपी मॉनिटरिंग: झोपेची वाट लागते, तरी करून घ्या

डॉक्टरांनी एबीपीएम लिहून दिलंय आणि करावं की टाळावं या विचारात असाल तर आधीच सांगून टाकते, करा. टेस्टला पाचपैकी साडेचार, जिथे केली त्या सेंटरला कसेबसे अडीच. सेंटरचं नाव देत नाहीये, कारण जो घोळ झाला तो कुठेही होऊ शकतो आणि नंतर त्यांनी तो निस्तरला पण. काय घोळ ते येईलच पुढे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एबीपीएम म्हणजे अँब्युलेटरी ब्लड प्रेशर मॉनिटरिंग. दंडाला कफ (हवेने फुगणारा पट्टा), कमरेच्या पाउचमध्ये छोटं मशीन, मधे रबरी नळी, आणि हे लोढणं घेऊन २४ तास तुमचं जे काय रोजचं असेल ते करायचं, काम, जिने, फोनवरची भांडणं, झोप, सगळं. दिवसा साधारण दर २० ते ३० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने मशीन आपोआप कफ फुगवतं, मोजतं आणि साठवून ठेवतं. दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं, ते कॉम्प्युटरला लावतात आणि ग्राफ काढून देतात. सुई नाही, रक्त नाही, उपाशीपोटी यायची भानगड नाही. अंघोळ मात्र नाही, मशीन काढून परत स्वतः लावू नका असं सांगतात.

माझी केस अशी की क्लिनिकमध्ये गेले की वरचा आकडा १५० च्या पुढेच, शेवटचं १५२/९४. घरच्या मशीनवर १३० च्या आसपास. डॉक्टर म्हणाल्या घरचं मशीन चुकत असेल, नवरा म्हणाला डॉक्टरांचं चुकत असेल, आणि मी मधल्यामधे. पण गोळी चालू करायच्या आधी एकदा २४ तासांचं बघूया असं डॉक्टर स्वतःहून म्हणाल्या याचे त्यांना पूर्ण मार्क, कारण दोन वेळा जास्त आलं की लगेच प्रिस्क्रिप्शन फाडणारेही असतात.

आता फिटिंग. टेक्निशियन मुलगा चांगला होता, दोन्ही हातांचं बीपी आधी घेऊन बघितलं (दोन हातांत फरक जास्त असेल तर ज्या हाताचा आकडा मोठा त्या हाताला लावतात, माझ्यात फरक नव्हता म्हणून डाव्या हाताला), कफ फुगला की हात सैल सोडून लोंबता ठेवा, बोलू नका, हलू नका, हे पण नीट सांगितलं. पण कफ एकच. मीडियम. दंडाचा घेर मोजायला साधी टेपसुद्धा नव्हती. "सगळ्यांना हाच बसतो मॅडम." अरे, कसा बसेल सगळ्यांना? जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटाच वर येतो, ही गोष्ट काही आज कळलेली नाही. दंडाला पट्टा गुंडाळून पाऱ्यावर बीपी मोजायची आयडिया इटलीतल्या तुरीनच्या शिपिओने रिवा-रोची यांची, १८९६ सालची, आणि त्यांचा पट्टा जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद होता, त्यामुळे आकडे जास्त यायचे, मग १९०१ मध्ये रेक्लिंगहाउझेन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तो १२ सेंटीमीटरच्या आसपास रुंद करायला लावला. सव्वाशे वर्षं होत आली आणि आमच्या सेंटरवर अजून "सगळ्यांना हाच बसतो". माझा दंड मीडियममध्ये बसणारा निघाला म्हणून ठीक, पण वेटिंगमध्ये बसलेल्या एका धिप्पाड काकांना पण तोच कफ लावला हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पहिले दोन-तीन तास दचकायला होतं. आधी पाउचमधून घुर्रर्र असा आवाज, मग नळी ताठ होते, मग दंड आवळत आवळत बोटांना मुंग्या येईपर्यंत, आणि मग हवा एकदम न सुटता टप्प्याटप्प्याने सुटते, टक... टक... टक. त्या प्रत्येक टप्प्यावर नाडीच्या ठोक्याने कफमधल्या हवेत जी थरथर होते ती मशीन पकडत असतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून कोपरापाशी जो आवाज ऐकतात ती पद्धत वेगळी, ती १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कॉव्ह नावाच्या सर्जनने एका पानात मावेल एवढ्या टिपणात मांडली होती आणि ती अजून चालूच आहे. मशीनला आवाज लागत नाही, थरथर लागते, म्हणूनच तुम्ही तेव्हा हात हलवला की त्याचा गोंधळ उडतो, एरर येते आणि मिनिट-दोन मिनिटांत परत फुगतं, आणि दुसऱ्यांदा जास्त आवळतंय की काय असं वाटतं. मीटिंग चालू असताना घुर्रर्र झालं तेव्हा समोरचा माणूस टेबलाखाली बघायला लागला. सैल बाह्यांचं काहीतरी घाला हा सल्ला फुकटात घ्या.

घरी आल्यावर मी या सगळ्यामागे कोण लोक आहेत ते वाचत बसले (नाहीतरी हात लोंबता ठेवून दुसरं काय करणार) आणि खरं सांगू का, रिव्ह्यू लिहायचं डोक्यात आलं ते त्यामुळेच. आपल्याला वाटतं हार्टचा आणि बीपीचा संशोधक म्हणजे नवीन औषध शोधणारा. पण या क्षेत्रात काही लोकांनी अख्खी करिअर एका प्रश्नावर घालवलीय की आपण मोजतोय तो आकडा खरा आहे का? औषधाचा विषयच नंतर.

म्हणजे बघा, १९४० मध्ये बॉस्टनच्या आयमन आणि गोल्डशाइन या दोन डॉक्टरांनी पेशंटना घरी बीपी घ्यायला लावलं आणि दाखवलं की घरचे आकडे क्लिनिकपेक्षा बरेच कमी येतात. १९४० मध्ये! नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर त्याचा चेहरा काय खुलला. मग साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिस सोकोलो यांनी अंगावर घालून फिरायचं मशीन पेशंटना दिलं, त्यात कफ पेशंटनेच पंप करायचा, दर अर्ध्या तासाने स्वतःच्या हाताने, आणि नोंद टेपवर व्हायची. यावरून मला आमचं घुर्रर्र एकदम लाडकं वाटायला लागलं. त्याच काळात ऑक्सफर्डमध्ये त्याहून अघोरी प्रकार चालू होता, दंडातल्या रोहिणीत थेट बारीक नळी घालून प्रत्येक ठोक्याचं बीपी नोंदवत माणसांना दिवसभर हिंडूफिरू द्यायचं आणि रात्री झोपवायचं पण. माणूस झोपला की बीपी किती खाली जातं आणि दिवसा कशाकशाने उसळ्या मारतं हे त्यातून पहिल्यांदा असं सलग दिसलं. कोण तयार झाले असतील त्या नळीला देव जाणे.

आणि सोकोलोंच्या टीमने ते पेशंट सोडून दिले नाहीत, वर्षानुवर्षं मागे लागून कुणाला काय झालं ते बघत राहिले, आणि १९८३ मध्ये १०७६ लोकांचे निकाल छापले की क्लिनिकच्या आकड्यावरून जेवढा अंदाज यावा त्यापेक्षा ज्यांचं फिरत्या मशीनवरचं बीपी कमी, त्यांना हार्टचा आणि स्ट्रोकचा त्रास कमी. साठचं दशक ते १९८३, एका निकालासाठी. आपल्याला रिपोर्ट संध्याकाळी मिळाला नाही तर आपण काउंटरवर आवाज चढवतो.

माझ्यासारख्यांचं जे होतं, डॉक्टर दिसले की बीपी वर, ते मिलानच्या ज्युसेप्पे मान्चा यांनी त्याच १९८३ मध्ये पकडलं. पेशंटच्या रोहिणीत नळी, सलग रेकॉर्डिंग चालू, आणि डॉक्टर बीपी घ्यायला खोलीत येतात. वरचा आकडा सरासरी २७ ने चढला, खालचा १५ च्या आसपास, आणि हे सगळं पहिल्या चार मिनिटांच्या आतच, नंतर हळूहळू उतरायला लागला. पुढे त्यांनी हे पण दाखवलं की नर्स आली तर चढ कमी असतो. म्हणजे माझं १५२ हे काही माझ्या मनाचे खेळ नव्हते, तेव्हा बीपी खरोखरच १५२ असणार, फक्त ते डॉक्टर समोर असतानाचं. डॉक्टर आल्या आल्या कफ बांधतात आणि तेवढ्या मिनिटांत मोजून मोकळे होतात, म्हणजे नेमकं शिखरावर असतानाच मोजायचं. क्लिनिकमध्ये पाच मिनिटं शांत बसवून मग दोन-तीनदा मोजायचं असतं असं सगळ्या गाइडलाइन्स सांगतात, तुमच्याकडे कुणी पाळतं का बघा.

मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे थॉमस पिकरिंग. मूळचे इंग्लंडचे, पण करिअर बरीचशी न्यूयॉर्कमध्ये. १९८८ मध्ये त्यांच्या टीमने २९२ लोक घेतले, सगळे बॉर्डरवरचे, खालचा आकडा क्लिनिकमध्ये सारखा ९० ते १०४ मध्ये येणारे, औषध चालू नसलेले. त्यांना दिवसभर मशीन लावलं तर २१ टक्के लोकांचं बीपी नॉर्मल निघालं. पाचातला एक! व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात ते हे, डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की चढणारं बीपी. त्यात बायका जास्त, वय कमी, वजन कमी. (हॅलो, मीच ती.) पण या माणसाची कमाल पुढे आहे. काही लोकांचं बीपी जास्त दाखवलं जातंय एवढं सांगून ते थांबले असते तरी चाललं असतं, पण २००२ मध्ये त्यांनीच उलट्या बाजूकडे बोट दाखवलं, क्लिनिकमध्ये छान नॉर्मल आणि बाहेर पडल्यावर दिवसभर जास्त असणारे लोक, मास्क्ड म्हणजे लपलेलं हायपरटेन्शन. हे लोक जास्त धोक्यात, कारण डॉक्टर "एकदम मस्त आहे" म्हणून घरी पाठवतात. म्हणजे क्लिनिकमध्ये १२८ आलं म्हणून हा रिव्ह्यू अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांनो, थांबा जरा.

बरं, रात्र. रात्रीबद्दल खोटं बोलणार नाही, वाईट असते. पहिली झोप लागते न लागते तोच घुर्रर्र, कुशीवर वळलेले असाल तर हात अंगाखाली दाबलेला, मग एरर, मग परत. पहाटेकडे शरीर कंटाळून सवय करून घेतं बहुतेक, कारण शेवटची काही रीडिंग्ज कधी झाली मला कळलंच नाही. काही जण वैतागून मध्यरात्री काढून टाकतात असं टेक्निशियन म्हणाला. प्लीज काढू नका, कारण या टेस्टचा खरा माल रात्रीतच आहे.

झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली जायला हवं. जातं त्यांना डिपर म्हणतात, १० टक्क्यांपेक्षा कमी जातं ते नॉन-डिपर, आणि ही नावं डब्लिनच्या ओइन ओब्रायन यांच्या टीमने १९८८ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलला पाठवलेल्या एका छोट्या लेखातून आली, त्यांना दिसलं होतं की नॉन-डिपर लोकांमध्ये स्ट्रोक होऊन गेलेले जास्त आहेत. पुढे २००५ मध्ये डब्लिनच्याच ५२९२ पेशंटचा अभ्यास आला त्यात कोण वाचेल कोण जाईल याचा अंदाज बांधायला क्लिनिकच्या बीपीपेक्षा हे बीपी सरस ठरलं आणि त्यातही रात्रीचं सगळ्यात. एक चिटोरं ते पाच हजार माणसं, मधे सतरा वर्षं.

आणि ओब्रायन यांचं दुसरं काम तर तुमच्या घरातल्या मशीनशी डायरेक्ट संबंधित आहे. बाजारात भसाभस डिजिटल मशीन यायला लागली, कंपन्या म्हणायच्या अचूक, तपासणार कोण? १९९० मध्ये ब्रिटिश हायपरटेन्शन सोसायटीसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मशीनचीच परीक्षा घ्यायची पद्धत लिहिली, ए पासून डी पर्यंत ग्रेड. ए ग्रेड कधी, तर १९९३ च्या सुधारित नियमांप्रमाणे ६० टक्के रीडिंग्ज खऱ्या आकड्याच्या ५ मिलिमीटरच्या आत, ८५ टक्के १० च्या आत आणि ९५ टक्के १५ च्या आत. परत वाचा. फर्स्ट क्लास मशीनसुद्धा अधूनमधून १० ने चुकू शकतं, म्हणून एका आकड्यावर रडायचं पण नाही आणि नाचायचं पण नाही, सरासरी बघायची. आता २०१८ पासून जगभर एकच स्टँडर्ड आहे, कमीत कमी ८५ माणसांवर मशीन तपासावं लागतं. घरासाठी घेत असाल तर ब्लूटूथ, मोठा डिस्प्ले, बोलणारी बाई यापैकी काही नसलं तरी चालेल, पण तुमचं मॉडेल व्हॅलिडेटेड, म्हणजे अशा तपासणीत पास झालेलं, आहे का ते बघा, स्ट्राइड बीपी नावाची यादी आहे त्यात मॉडेल नंबर टाकून मिळतं. दंडाचंच घ्या, मनगटाचं नको. नवऱ्याचं मशीन यादीत निघालं. त्यानंतर घरात राहणं अवघड झालंय.

आता रिपोर्ट आणि सेंटरचे कापलेले मार्क.

लक्षात ठेवायचे आकडे आधी देते कारण इथेच लोक घाबरतात, क्लिनिकचं १४०/९० इथे चालत नाही. दिवसाची सरासरी १३५/८५, रात्रीची १२०/७०, पूर्ण २४ तासांची १३०/८०, याच्या खाली हवं. नुसती मधली दोन-चार लाल रीडिंग्ज बघून घाबरू नका, जिना चढताना कुणाचंही वर जातं.

माझा रिपोर्ट: २४ तासांची सरासरी १२७, ठीक. दिवस १३०, ठीक. रात्र १२१, लाल. खाली ठळक अक्षरात नॉन-डिपर. वाचून पोटात गोळा, कारण तोपर्यंत मी वरचं सगळं वाचून बसलेले, स्ट्रोक वगैरे. मग ग्राफ नीट बघितला तर सॉफ्टवेअरने रात्र धरलेली रात्री १० ते सकाळी ६. मी १० ला झोपते? मी त्या दिवशी साडेबाराला आडवी झाले आणि साडेसातला उठले. म्हणजे १० ते साडेबारा मी जागी, लॅपटॉपवर, डोकं तापवत, आणि ती सगळी रीडिंग्ज "रात्रीच्या" खात्यात, आणि सकाळची ६ ते साडेसातची गाढ झोप "दिवसाच्या" खात्यात. या टेस्टबरोबर डायरी द्यायची असते, कधी झोपलात, कधी उठलात, गोळी कधी घेतली, हे लिहायला, आणि त्यावरून दिवस-रात्र लावायची असते. मला दिलीच नाही. मी मागितली तेव्हा "लागत नाही मॅडम, ऑटोमॅटिक आहे."

ऑटोमॅटिक आहे म्हणे! इतक्या लोकांची करिअर गेली ती रात्र मोजण्यात आणि इथे ड्रॉपडाउनमध्ये डिफॉल्ट १० ते ६ ठेवून मोकळे.

दुसऱ्या दिवशी फोन केला, वेळा सांगितल्या, कुरकुर झाली, रिपोर्ट एकदाच प्रिंट होतो वगैरे, मग मॅनेजरशी बोलले आणि त्यांनी तोच डेटा माझ्या खऱ्या वेळांवर परत चालवला, काहीच लागत नाही त्याला, दोन क्लिक. दिवस १३२, रात्र ११५, घट जवळपास १३ टक्के. डिपर. तीच रीडिंग्ज, तीच मी. पहिला कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले असते तर कदाचित रात्रीच्या बीपीसाठी गोळी चालू झाली असती.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाल्या सध्या गोळी नाही, व्हाइट कोट आहे, पण हे सर्टिफिकेट समजू नका, अशा लोकांचं पुढे खरंखुरं बीपी व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तर वजन-मीठ-चालणं सांभाळा, घरी मोजत राहा आणि वर्षाने परत मशीन लावू. (ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी हे वाचून स्वतःहून बंद करायचा शहाणपणा करू नका, प्रत्येकाची केस वेगळी.)

तर बुक करताना फोनवरच विचारून घ्या, कफचे किती साइज आहेत, डायरी देता का, आणि दिवस-रात्र माझ्या वेळेप्रमाणे लावता का. तिन्हीला "हो हो मॅडम" असं घाईघाईने आलं तर परत विचारा. रिपोर्ट घेताना किती रीडिंग्ज यशस्वी झाली तो टक्का बघा, ७० च्या खाली असेल तर टेस्ट परत करायला सांगतात. आणि जमलं तर सुट्टीच्या दिवशी नका लावू, नेहमीचा कटकटीचा दिवसच निवडा, तुमचं खरं बीपी तिथेच सापडेल.

सेंटरच्या मॅनेजरने नंतर कळवलं की आता छापील डायरी सगळ्यांना देतात, म्हणून दोनाचे अडीच केले. कफचं विचारलं तर "ऑर्डर टाकलीय". कधी येतो ते बघू.